‘आगाऊ’ : अर्थ आणि वापर



लहानपणी ‘आगाऊ’ हे विशेषण ज्याच्या वाट्याला आले नाही, असा मराठी माणूस विरळाच. तरीही हा शब्द मुळात दोषाचा नव्हे. संस्कृत ‘अग्र’, प्राकृत ‘अग्ग’ यांच्या कुळातला तो. पुढचा, वेळेआधीचा, एवढाच त्याचा अर्थ. आगाऊ रक्कम, आगाऊ सूचना, आगाऊ आरक्षण या प्रयोगांत तो दूरदृष्टीच दाखवतो. गुजरातीत ‘अगाउ’ म्हणजे पूर्वी. हिंदीत ‘अगाऊ’ म्हणजे अग्रिम. त्यामुळे बडोद्यातील वा इंदुरातील मराठी मुलाच्या कानांवर या कुळातील शब्द बाहेर एका अर्थाने पडतो आणि घरात दुसऱ्या.

मराठीने तो वर्तनालाही लावला. पैसा मुदतीआधी आला तर त्याचे स्वागत होते. मूल आपल्या पाळीआधी बोलले तर ते आगाऊ ठरते. दोघांचे बोलणे तोडणे, न विचारता सल्ला देणे, दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपणच देणे, हा आगाऊपणा. उद्धटपणात अवमान असतो. आगाऊपणात बहुधा उतावीळपणा. म्हणूनच ‘आगाऊ कुठला!’ असे म्हणणाऱ्या आजीच्या स्वरात कौतुकही मिसळलेले असते.

आगाऊ मुलगा, आगाऊ मुलगी, आगाऊ मुले : लिंग-वचनानुसार या विशेषणाचे रूप बदलत नाही. व्यवहारात मात्र ही समदृष्टी टिकत नाही. वडीलधाऱ्याने मध्येच तोंड घातले तर तो स्पष्टवक्ता; धाकट्याने घातले तर आगाऊ. हजरजबाबी मुलगा हुशार म्हणवला जातो, तशीच मुलगी पुष्कळदा आगाऊ.

या शब्दाची खरी कसोटी वर्गात लागते. पुढच्या धड्यातील शंका आजच विचारणारा विद्यार्थी केवळ पहिल्या, निर्दोष अर्थाने आगाऊ असतो. त्याला दुसऱ्या अर्थाने तसे म्हटले की वर्ग हसतो, वर आलेला हात खाली जातो आणि कित्येकदा पुन्हा वर येत नाही. उलट, शेजाऱ्याला उत्तर देऊ न देणाऱ्यास तो शब्द ऐकवणे योग्यच. पण तेव्हाही ‘तू आगाऊ आहेस’ यापेक्षा ‘हा आगाऊपणा झाला’ हे म्हणणे बरे. पहिल्या वाक्याने मुलावर शिक्का बसतो. दुसऱ्याने त्याला चूक कळते आणि सुधारण्यास वाव राहतो.