स्वयंचलित मोटार बंद कोणी पाडली?



या व्यासपीठावर विद्वानांची व्याख्याने होतात. माझे शिक्षण मोटारीच्या गॅरेजात आणि ड्रायव्हरांच्या युनियनमध्ये झाले; तेव्हा मी बोलणार तेही तिथलेच. प्रश्न साधा आहे. गिअर आपोआप बदलणारी मोटार सिग्नलपाशी थांबताना कधी कधी बंद का पडते? आणि पडली, तर दोष कोणाचा?

साध्या गाडीत इंजिन आणि चाके यांची गाठ क्लचने बांधलेली असते. क्लच न दाबता चाके थांबवली, की इंजिनही थांबते. म्हणून 'ड्रायव्हरने गाडी बंद पाडली' असे आपण म्हणतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण स्वयंचलित गाडीत क्लचचे पेडलच नाही! मग बंद पाडणार कोण?

१९०५ साली हेरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनियराने जहाजांसाठी एका युक्तीचे पेटंट घेतले. इंजिनाने एक पात्यांचे चाक फिरवायचे, त्याने उसळलेल्या द्रवाने समोरचे दुसरे चाक फिरवायचे. मध्ये लोखंडाचा सांधा नाही. पाणचक्कीचे चाक धरून ठेवले म्हणून ओढा थांबतो काय? तसेच, ब्रेक लावला तरी इंजिन आपले तेल घुसळत राहते. मोटारीतल्या ज्या यंत्राला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात, ते याच युक्तीचे सुधारलेले रूप.

पण या घुसळणीत थोडी शक्ती वाया जाते. म्हणून कन्व्हर्टरच्या पोटात एक लॉक-अप क्लच बसवू लागले. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने तो १९४९ सालीच बसवला होता. १९७३ च्या तेलटंचाईनंतर त्याचा प्रसार झाला. वेग आला की तो दोन्ही बाजू घट्ट जखडतो, वेग उतरला की सोडतो. त्याला हुकूम देणारी विजेची झडप, म्हणजे सोलेनॉइड, अडकली की तो सुटत नाही आणि गाडी थांबताच इंजिन हिसका खाऊन मरते.

दुसरे कारण इंजिनातच. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला साधारण ६०० ते ९०० फेरेच घेत असते. त्यावर तेल घुसळण्याचा आणि एअर कंडिशनरचा भार. अशा वेळी थ्रॉटलची वाट काजळीने बुजलेली असली किंवा इंधन पुरेसे आले नाही, तर त्याचा दम तुटतो. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओपासून आलेल्या 'एएमटी' गाड्यांत कन्व्हर्टर नाही. तिथे साधाच क्लच असतो, पण तो यंत्र दाबते. यंत्राला उशीर झाला, तर गाडी बंद.

पारख काय? न्यूट्रलमध्येही अडखळत असेल, तर आधी इंजिन पाहावे. न्यूट्रलमध्ये सुरळीत, पण दूरचा पल्ला मारून थांबतानाच मरत असेल, तर लॉक-अपवर संशय घ्यावा.

एका मालकाने अशीच गाडी ओढून आणण्याचा खर्च ड्रायव्हरच्या पगारातून कापला होता. आम्ही एवढेच म्हटले, की आधी गाडी उघडून पाहा. पाहिली, तेव्हा सोलेनॉइड अडकलेले निघाले. पैसे परत मिळाले. पण तोवर त्या माणसाच्या घरी महिना अर्धपोटी गेला होता.

आणि प्रश्न केवळ पैशांचा नाही. धावती गाडी बंद पडली, की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. अशा वेळी ब्रेक पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच भक्कम दाबून धरावा, स्टिअरिंग जोर लावून कडेला वळवावे आणि गाडी उभी राहिल्यावरच 'पार्क'मध्ये टाकावी.

मंडळी, यंत्राने माणसाच्या पायाखालचा क्लच काढून घेतला. त्याबरोबर क्लचची जबाबदारीही त्याच्या माथ्यावरून उतरली पाहिजे. ती आता वेळेवर तेल बदलणाऱ्या, थ्रॉटल साफ करून घेणाऱ्या मालकाची आहे. पुढच्या वेळी रस्त्यात अशी गाडी अडली, तर मागून हॉर्न वाजवण्यापूर्वी एवढे आठवावे, ही विनंती करून आपली रजा घेतो.