जुन्या व्हॅनचं मागचं बाक

आज आम्ही पापडाचं बोलणार नाही आणि कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज गाडीचं बोलायचं आहे. गाडी म्हटली की बाया म्हणतात, ते माणसांचं काम. पण त्या गाडीत मागे बसतं कोण? आपणच बसतो. रोवणीला जाताना, बँकेत जाताना, माल घेऊन बाजाराला जाताना, मागच्या बाकावर मांडीला मांडी लावून आपणच असतो. म्हणून ते बाक कशावर उभं आहे, हे आपल्याला माहीत पाहिजे. आम्हाला माहीत नव्हतं.

आमचं गाव मोहाडी तालुक्यात. आमच्या बचत गटाने चार वर्षांमागे एक जुनी मारुती ओम्नी घेतली. ही गाडी तुम्ही ओळखता, डब्यासारखी, बाजूचं दार सरकवून उघडायचं. 1984 साली ती मारुती व्हॅन म्हणून निघाली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं, आणि 2019 मध्ये कंपनीने ती बनवणं बंद केलं, कारण सुरक्षेच्या नव्या नियमांत ती बसत नव्हती. पण आपल्या भागात अजून किती तरी धावतात. स्वस्त मिळते, गावातला मिस्त्री दुरुस्त करतो, आणि माल पुष्कळ मावतो. आम्हालाही तेच पाहिजे होतं. जवसाची चटणी, पोहे, पापड, चिन्नोर तांदूळ, हे सगळं एसटीच्या टपावर चढवून चढवून आमच्या कमरा गेल्या होत्या.

गाडी घेतली तेव्हा मागे दोन बाकं होती. एक कंपनीचं, पुढे तोंड करून बसायचं. दुसरं मधलं, उलटं, मागे तोंड करून बसायचं. समोरासमोर बसून गप्पा मारता येतात म्हणून आम्ही खूश झालो. मधलं बाक आधीच्या मालकाने बसवून घेतलं होतं. लोखंडी कोन, वर फळी, त्यावर फोम आणि रेग्झीन. दिसायला चांगलं होतं. खाली वाकून कोणी पाहिलं नाही. आम्ही तर हिशेब मांडून मोकळ्या झालो की एका फेरीत आठ बाया जातात.

मागच्या वर्षी पोळा झाला, महालक्ष्म्या तोंडावर होत्या, आणि भंडाऱ्याला माल न्यायचा होता. गाडीत नऊ बाया होत्या. नववीला जागा नव्हती, तेव्हा आम्हीच म्हटलं, "बसा ना बाई, जराशा चेपून." हे वाक्य आमचंच आहे, दुसऱ्या कोणाचं नाही. मोहाडीच्या अलीकडे एक गोऱ्हा रस्त्यावर आला. वेग फार नव्हता. ड्रायव्हरने ब्रेक मारला, गाडी थांबली, गोऱ्हा निघून गेला. पण मागे कर्रकन आवाज झाला आणि मधलं बाक पत्र्यातून उपटून तिरपं झालं. पाटीसमोरची कांडपाची मावशी बाकाच्या कोनात अडकली. तिच्या नडगीचं हाड मोडलं. दोघींना टाके पडले.

मावशीचं वय 61. तीन महिने ती खाटेवर होती. दिवाळीआधीचा धान कापणीचा रोज गेला, गटातलं कांडपाचं काम गेलं. सून म्हणाली, "गटाच्या गाडीत मोडला, तर गटाने पाहावं." खरं होतं तिचं. आम्ही गटाच्या निधीतून दवाखान्याचा खर्च दिला. त्यावरून बैठकीत भांडण झालं, दोघी उठून गेल्या. एक म्हणाली, विमा आहे ना गाडीचा? आम्हीही तसंच समजून होतो. विम्याचा कागद काढला. तो थर्ड पार्टीचा होता, सगळ्यांत स्वस्त. त्यात आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई असते. खाजगी गाडीत आत बसलेल्या बायांसाठी त्यात काही नव्हतं. पॅकेज विमा असता तर आत बसलेल्यांचाही विचार झाला असता. पण तिथेही अडचण होती, कारण गाडी नोंदली होती तशी उरलीच नव्हती. आरसी बुकात आसनं 5 लिहिली होती, ड्रायव्हर धरून. आत बाया नऊ होत्या आणि ड्रायव्हर वेगळा. अशा वेळी कंपनीसमोर कोणत्या तोंडाने जाणार?

बायांनो, आधी हे आरसी बुक पाहायचं. काही ओम्नी कंपनीनेच आठ जणांच्या काढल्या होत्या, समोरासमोर बाकांच्या. त्यांच्या बुकात आठ आसनं लिहिलेली असतात आणि त्यांची बाकं कारखान्यातच, ठरलेल्या जागी बसवलेली असतात. ती गाडी वेगळी. पाचाच्या गाडीत वेल्डिंगवाल्याकडून बाक लावून तिला आठाची केली, तर ती आठाची होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीतली माहिती बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलं. त्याच वर्षी कायदा बदलला, आणि असा फेरफार करणाऱ्या मालकाला एकेका बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आमच्या गटात कोणी म्हणालं, पण बदल तर जुन्या मालकाने केला. केला त्याने, पण वापरत आम्ही होतो, आणि कागद आमच्या नावावर होता.

दिव्यांग माणसाला चढता-उतरता यावं, चालवता यावं, म्हणून गाडीत बदल करायची वाट कायद्यात आहे. तीही आरटीओला विचारून, आधी कागद, मग काम. आपलं आरटीओ कार्यालय भंडाऱ्यातच आहे, एमएच 36 चं. तिथे जायला आम्ही घाबरत होतो. गेलो तर कोणी खाल्लं नाही.

आता बाक का उपटलं ते सांगतो. आमच्या एका ताईचा भाचा आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकला. त्याने गाडी उचलून खाली झोपून पाहिलं आणि आम्हालाही एकेक करून पाहायला लावलं. लुगडं खोचून आम्ही पाहिलं. बाकाचे चार पाय गाडीच्या फरशीच्या पत्र्याला नुसते टाके मारून चिकटवले होते. पत्रा पातळ, डब्याच्या पत्र्याहून थोडा जाड म्हणा. त्यात पावसाळ्याचं पाणी दाराच्या रुळातून आत जाऊन चटईखाली सडत होतं. चटई उचलली तर पत्रा पापडासारखा. पोराने स्क्रूड्रायव्हर टोचला आणि तो आरपार गेला.

मग त्याने एक हिशेब सांगितला. तो आम्ही तेव्हापासून प्रत्येक बैठकीत सांगतो. गाडी ताशी 40 च्या वेगाने आहे आणि झाडावर आदळून एका मीटरमध्ये थांबली. तर 50 किलोच्या बाईचं अंग ज्या जोराने पुढे जातं, तो 300 किलोच्या वर भरतो. धान केंद्रावर कट्टा 40 किलोचा असतो. म्हणजे एका बाईमागे जवळपास आठ कट्टे. बाकावर तिघी असतील तर चोवीस कट्टे धान एका झटक्यात त्या बाकावर येऊन पडलं समजा. चार टाके आणि सडका पत्रा ते धरणार कसा? कंपनीचं बाक जिथे बसतं तिथे खाली जाड पट्टी दिलेली असते, बोल्ट ठरलेल्या जाडीचे असतात, ओढ अख्ख्या सांगाड्यावर वाटली जाते. गावठी बाकाची ओढ एका टिचभर जागेवर येते.

वेल्डिंगचं आणखी एक. या गाडीच्या फरशीखाली पेट्रोलची टाकी आहे, नळ्या आहेत. वरून वेल्डिंगची ठिणगी, खालून पेट्रोल. आधीच्या मालकाच्या वेळी काही झालं नाही हे त्याचं नशीब. काही गाड्यांत मागच्या बाकाच्या पाठीमागे घरचं गॅस सिलिंडर लावलेलं असतं, तेही आपण पाहिलं आहे. अशा गाडीत बसू नका. पायी चला.

आता आम्ही काय केलं ते. पहिल्यांदा उलटं बाक काढून टाकलं, पाय कापून नव्हे तर टाके घासून. त्याआधी टाकी उतरवली, कामगाराने स्वतःच ती अट घातली, म्हणून त्याच्याकडे दिलं. सडलेला पत्रा कापून नवा बसवला, त्याला गंजरोधक रंग दिला, दाराच्या रुळाखालची पाणी जायची भोकं साफ केली. ती भोकं चिखलाने बुजली की पाणी आत येतं. हे काम दर पावसाळ्याआधी कोणीही काडीने करू शकतं, पैसे लागत नाहीत.

मग कंपनीचं मूळ बाक घट्ट केलं. त्याचे दोन बोल्ट बदललेले होते, साधे, दुकानात मिळतील ते. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर 8.8 असा आकडा कोरलेला असतो. आम्ही तो बघूनच घेतले. बैठकीचा फोम बसून गेला होता, खाली तारा टोचत, म्हणून फोम आणि कव्हर नवं केलं. सांगाड्याला हात लावला नाही. फोम बदलणं, कव्हर बदलणं, याला कोणी हरकत घेत नाही. फक्त फोम फार उंच करू नका. आमच्या एकीने हौसेने दुप्पट जाड भरायला सांगितलं होतं. मग डोकं टपाला लागायला लागलं आणि पाय अधांतरी. परत काढला, पैसे गेले.

मागे पट्टे नव्हते. जुन्या गाड्यांत नसतात. सायरस मिस्त्री हे मोठे उद्योगपती, सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात गाडीच्या मागच्या सीटवर बसलेले असताना अपघातात गेले. पट्टा लावलेला नव्हता. तेव्हापासून मागच्या पट्ट्याची चर्चा झाली, नाहीतर मागचा पट्टा म्हणजे सीटखाली कोंबायची वस्तू. आम्ही मागच्या तिघींसाठी पट्टे बसवून घेतले, सांगाड्याच्या जाड भागात, खाली जाड पट्टी देऊन. पहिल्या दिवशी बाया हसल्या. एक म्हणाली, "बैलासारखं बांधता का बाप्पा?" आता बसल्या बसल्या लावतात.

माल ठेवायला बाकाच्या मागे दोन्ही बाजूंना कडी आणि त्यावर जाळी. तांदळाची पोती खाली, बाकाच्या पाठीला टेकून, हलकं सामान वर. सुटी पोती मागे ठेवली तर ब्रेक मारल्यावर ती आपल्या मानेवर येतात. फार माल मागे भरला तर पुढचा भाग हलका होतो आणि स्टिअरिंग तरंगतं. चाकं 12 इंचीच आहेत हो, बैलबंडीची नव्हेत.

सगळ्यांत मोठा प्रश्न उरला. आठ बाया जायच्या होत्या, आता गाडीत चारच मावतात. बैठकीत हाच राग होता. गाडी असून एसटीने जायचं? मग आम्ही वही काढून हिशेब मांडला. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. 75 वर्षांवरच्यांना तर त्याआधीपासून तिकीटच नाही. आमच्या कमरा गेल्या होत्या त्या मालाने, बसण्याने नव्हे. माल गाडीत जाईल, मालासोबत ड्रायव्हर आणि दोघी जातील, बाकीच्या अर्ध्या तिकिटात एसटीने. आम्ही हे आधीच करू शकलो असतो. पण गाडी घेतली की भरून न्यायची, असं डोक्यात बसलं होतं. रिकामी जागा दिसली की जीव तळमळतो, शेतकऱ्याच्या बाईचा तर जास्तच.

आणखी एक गोष्ट. कधी कधी आम्ही दुसऱ्या गटाच्या बायांना नेऊन डिझेलपाण्याचे म्हणून पैसे घेत होतो. गाडी पेट्रोलची, पण म्हणायची पद्धत तशी. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीत भाडं घेता येत नाही, त्याला परवाना आणि पिवळी पाटी लागते. ते बंद केलं. त्यावरून शेजारच्या गावच्या बाया रुसल्या आहेत. त्यांना या रेडिओवरून सांगतो, बायांनो, राग धरू नका, तुमचा माल आम्ही नेऊ, पैसे घेणार नाही, तुम्ही एसटीने या.

रोवणीच्या दिवसांत आपल्याकडे एकेका व्हॅनमध्ये चौदा-पंधरा बाया कोंबून दूरच्या गावी नेतात. तुमची पोरंही अशाच गाडीत शाळेला जात असतील, मागे फळी टाकलेली. ठेकेदार आपलं ऐकत नाही हे आम्हाला माहीत आहे. पण दार उघडून चटई उचलायला कोणाची परवानगी लागत नाही. बाक दोन्ही हातांनी धरून जोराने हलवा. हललं तर खाली उतरा आणि बाकीच्यांना उतरवा. एकटीने म्हटलं तर "बाईला काय कळतं" म्हणतील, दहाजणींनी म्हटलं तर रोवणी त्याच्याच बांधीत अडते.

मावशी आता चालते. थंडीत पाय ठणकतो. गुरुवारी माल घेऊन गाडी निघते तेव्हा ती मालासोबत असतेच, मोजमाप तिच्याशिवाय कोणाला जमत नाही. मागे बस म्हटलं तर बसत नाही. पुढे ड्रायव्हरजवळ बसते. या गाडीत इंजिन पुढच्या सीटखालीच आहे, उन्हाळ्यात बूड भाजतं. मावशी घरून गोधडी घेऊन येते, चौघडी करून खाली टाकते, पट्टा लावते, आणि मग ड्रायव्हरला म्हणते, "चाल आता, पण हळू."