जुने छायाचित्र कसे वाचावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाकडे आलेल्या या छायाचित्रामागे कोणीतरी '१९१५' असे लिहिले आहे. ते खरे धरू नये. घुमटाची उंच इमारत म्हणजे बोरीबंदरासमोरील महानगरपालिका. ती १८९३ साली पुरी झाली आणि चित्रात ती पुरी उभी आहे. पुढे ट्रामला घोडे जुंपलेले दिसतात. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ ते १९०५ धावली; विजेची १९०७ मध्ये आली. म्हणजे हे चित्र १८९३ ते १९०५ या काळातलेच.

स्थळ सापडले, काळ सापडला. कडेला उभ्या असलेल्या नऊवारीतील बाईचे नाव मात्र कोणी लिहिले नाही. तेव्हा घरच्या आजी, आत्या सांगायला आहेत तोवर प्रत्येक चित्रामागे नावे लिहून ठेवा, एवढीच विनंती.