होकार कुणाचा, अटी कुणाच्या?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



डोळ्यांवर हेडसेट चढवायचा आणि आभासी जगातल्या वर्गात जाऊन बसायचं, अशा शिक्षणाची चर्चा आता आपल्याकडेही होते. ‘विद्यार्थी याला तयार आहेत का?’ असं विचारलं जातं. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न मुलींना वेगळा विचारायला हवा.

वस्तीतल्या अभ्यासिकेत मी तो विचारला. हृदय आत शिरून पाहता येईल म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे चमकले. मग एकीने विचारलं, “ताई, ते डोळ्यांवर असताना मागे कोण येऊन उभं राहिलं, ते कसं कळणार?” दुसरी म्हणाली, “घरात फोन एकच, तो दादाकडे. हेही त्याच्याकडेच जाईल.” हा मागासलेपणा नाही, अनुभव आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के निघाल्या, पुरुष ५७ टक्के.

यंत्रसुद्धा तटस्थ नसतं. दोन बाहुल्यांमधलं अंतर स्त्रियांमध्ये सरासरीने पुरुषांपेक्षा कमी असतं. २०२० साली आलेल्या ऑक्युलस क्वेस्ट २ या हेडसेटची भिंगं ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच ठिकाणी बसायची. डोळ्यांना न जुळणाऱ्या भिंगांनी मळमळतं, डोकं दुखतं. अशा वेळी मुलगी ‘नको’ म्हणाली, तर तिला तंत्रज्ञानाची आवड नाही असं कसं म्हणायचं?

आणि त्या जगात छेडछाड नसते, असंही नाही. १९९३ साली लॅम्डामू नावाच्या, नुसत्या शब्दांनी रचलेल्या आभासी जगात एकाने इतरांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचार केल्याचं वर्णन ज्युलियन डिबेल यांनी लिहिलं. २०२१ मध्ये मेटा कंपनीच्या होरायझन वर्ल्ड्‌समध्ये चाचणीसाठी गेलेल्या एका स्त्रीने आपल्या प्रतिमेशी लगट झाल्याची तक्रार केली. कंपनीचं म्हणणं पडलं, तिने सुरक्षेची सोय वापरायला हवी होती. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हे आपण पोलीस चौकीत ऐकत आलो, त्याचाच हा नवा अवतार! फेब्रुवारी २०२२ मध्ये मात्र कंपनीने प्रत्येक प्रतिमेभोवती आपोआप अंतर राखणारी मर्यादा घातली. म्हणजे सोय करता येत होती. ती आधी सुचली नाही, इतकंच.

तरीही ‘मुलींनी तिकडे फिरकू नये’ असं मी म्हणणार नाही. घराबाहेर पडायची बंदी असलेली मुलगी, व्हीलचेअरवरची मुलगी, भर वर्गात तोंड न उघडणारी मुलगी यांना तिथे जागा मिळू शकते. सुरक्षेच्या नावाखाली दार बंद करणं आपल्याला नवीन नाही, आणि मान्यही नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. यंत्र शाळेत किंवा अभ्यासिकेत असावं, घरातल्या कर्त्याच्या ताब्यात नको. ते लावलेलं असताना विश्वासातली बाई जवळ असावी. अंतराची मर्यादा पहिल्यापासून चालू असावी. तक्रार कुणाकडे करायची, हे मुलीला आधी सांगितलेलं असावं. आणि नकार देणाऱ्या मुलीचे गुण कापले जाऊ नयेत. तिच्यासाठी दुसरी वाट असेल, तरच तिच्या होकाराला अर्थ आहे.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या भागातल्या मुलींना हे विचारून या. ‘तयार आहेस का?’ एवढंच नको, ‘कशा अटींवर?’ हेही विचारा.