जुन्या डब्याचा पडदा



आपल्या डोणगावाला रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी आपल्या वाडवडिलांनी केली आणि आपणही करीतच आहोत. तेव्हा जुन्या डब्याच्या खिडकीतील पडद्यावर मी बोलणार म्हटल्यावर, "आधी गाडी येऊ द्या, मग पडद्याचे पाहू!" असे कुणी म्हटले तर नवल नाही. परंतु प्रश्न एका कापडापुरता नाही. जुनी वस्तू राखणे म्हणजे नेमके काय राखणे, हा तो प्रश्न आहे.

दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ साली उघडले. तेथे म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ सालचा सलून डबा आहे. असे डबे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. लोखंड शंभर वर्षे टिकते, सागवान टिकते. आधी मरते ते कापड. ऊन, धूळ आणि ओल यांपुढे त्याचे काही चालत नाही.

आपल्याकडच्या साध्या डब्यांना लाकडी झिलमिली असत. स्प्रिंगच्या रुळावर गुंडाळणारा पडदा ही पुढची सोय. अशा रुळाचे पेटंट अमेरिकेत स्ट्युअर्ट हार्ट्सहॉर्न यांनी १८६४ साली घेतले. इंग्लंडात त्यासाठी 'हॉलंड' नावाचे खळ दिलेले लिनन वापरीत. अमेरिकेतल्या डब्यांत 'पँटासोट' नावाचे लेप दिलेले कापड असे. आज ही नावे घेऊन बाजारात गेलात तर दुकानदार तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. म्हणून नावाने नव्हे, गुणाने कापड मागावे लागते.

ते गुण कळावेत कसे? जुना पडदा फाटला म्हणून फेकू नये. रुळाभोवतीचे अगदी आतले वेढे उन्हाने पाहिलेले नसतात. मूळ रंग तेथे सापडतो. खालच्या पट्टीच्या शिवणीतही तो दडलेला असतो. भिंगाखाली एका इंचातले उभे-आडवे धागे मोजावेत. सुटा धागा जाळून पाहावा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, लोकरीला जळक्या केसांचा. कृत्रिम धागा वितळून त्याची गोळी होते. जाडीही मोजावी, कारण कापड जाड झाले तर गुंडाळी खोबणीत मावत नाही आणि पातळ झाले तर सुरकुतते. काटकोनात कापले नाही तर पडदा एका बाजूला सरकत जातो.

आता खरा पेच. जुन्या लेपकापडांपैकी काहींचा लेप नायट्रोसेल्युलोजचा असे आणि तो चटकन पेट घेतो. डबा संग्रहालयात उभा राहणार असेल तर मूळ तुकडा काचेआड जरूर ठेवावा. पण ज्या डब्यात उद्या मुलेबाळे बसून प्रवास करणार, तेथे अस्सलपणाच्या हौसेपायी तसलेच कापड लावणे याला मी निष्ठा म्हणणार नाही. तेथे आग न धरणारे कापडच हवे. रंग आणि पोत मात्र जुन्याशी जुळवावा. आणि पडद्याच्या मागल्या बाजूस, "हे कापड अमुक साली नवे लावले," असे स्वच्छ लिहावे. नव्याला जुने म्हणून खपवणे ही पुढच्या पिढीची फसवणूक आहे.

श्रोतेहो, जलंब-खामगाव फाटा १८७० साली झाला तो मुख्यतः आपल्या कापसासाठी. वऱ्हाडाचा कापूस गाडीने मुंबईस गेला, तेथून विलायतेस गेला आणि कापड होऊन परत आला. त्या काळच्या इमारती, यंत्रे आणि डबे आपण अभिमानाने दाखवतो. पण कापसाच्या या मुलखाने कापडाचा तुकडाही पुराव्याच्या मोलाने जपला पाहिजे. आपापल्या घरच्या जुन्या पेट्या उघडाल, तेव्हा चिंधी म्हणून काही फेकण्यापूर्वी एकदा तिची आतली घडी उलगडून पाहा.