देवधरांच्या महाराष्ट्र संघाचे दोन हंगाम



बेळगाव, खानापूर, निपाणी या टापूत क्रिकेटची गोष्ट निघाली म्हणजे एक प्रश्न हटकून पुढे येतो : आपला संघ कोणता? येथील मुलाचा खेळ डोळ्यांत भरू लागला, की त्याची पुढची वाट धारवाड-बंगळूरकडे जाते. घरातील वडीलधारी मंडळी मात्र पुण्या-मुंबईच्या फलंदाजांची नावे घेत असतात. २०१४ सालच्या आरंभी हैदराबादेत रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक समोरासमोर आले आणि कर्नाटकाने सात गडी राखून विजय मिळविला. तेव्हा तर एकाच सोप्यावर बसलेल्यांना दोन्ही बाजूंची ओढ वाटावी, अशी स्थिती होती. या प्रश्नाचा विचार करताना १९३९-४० आणि १९४०-४१ हे दोन हंगाम आठवणे उपयोगाचे आहे. त्या काळी पुणे आणि बेळगाव हे एकाच मुंबई इलाख्याचे जिल्हे होते आणि सलग दोन वर्षे रणजी करंडक महाराष्ट्राकडे होता.

१९३९ च्या सप्टेंबरात युरोपात महायुद्ध पेटले. १९३६ नंतर थेट १९४६ पर्यंत भारतीय संघाला एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. त्यामुळे चांगल्या खेळाडूंचे सारे कर्तृत्व देशातल्या मैदानांवरच प्रकट व्हावयाचे होते. त्यांतही लोकांची खरी झुंबड उडे ती मुंबईच्या पंचरंगी सामन्यांना. तेथे हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’ असे पाच संघ धर्म-जातीच्या नावाने उतरत. १९३४ साली सुरू झालेली रणजी स्पर्धा मात्र प्रांतांची आणि संस्थानांची होती. तेथे खेळाडूला त्याचा धर्म कोणी विचारीत नसे. तो कोणत्या मुलखाकडून खेळतो एवढेच पाहिले जाई.

या स्पर्धेत महाराष्ट्राची वाट सोपी नव्हती. पश्चिम विभागात मुंबईसारखा बलाढ्य शेजारी होता. पहिल्या दोन्ही वर्षी करंडक त्यानेच नेला होता. पुढील तीन वर्षांत नवानगर, हैदराबाद आणि बंगाल यांची नावे त्यावर कोरली गेली. महाराष्ट्राचे कर्णधार होते प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर. १४ जानेवारी १८९२ रोजी जन्मलेले हे गृहस्थ पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवीत. १९२६ साली इंग्लंडहून आलेल्या एम.सी.सी. संघाविरुद्ध अखिल भारतीय संघातर्फे १४८ धावा काढून त्यांनी नाव मिळविले होते. पण १९३९ साली त्यांचे वय सत्तेचाळीस होते. बहुतेक खेळाडू ज्या वयात मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसतात, त्या वयात देवधर संघाचे नेतृत्व करीत होते.

त्यांच्या संघाचा मार्ग धावफलकांवरून सहज ध्यानी येतो. ठरलेल्या दिवसांत सामना निकाली झाला नाही, तर पहिल्या डावात ज्याची आघाडी, तो संघ पुढच्या फेरीत जात असे. तेव्हा प्रतिपक्षापेक्षा एक धाव अधिक काढणे हेच मुख्य काम. ते करावयाचे तर चार नामांकित फलंदाजांवर भिस्त ठेवून भागत नाही. नवव्या-दहाव्या क्रमांकाच्या माणसानेही यष्टीपुढे ठाण मांडले पाहिजे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्ध पुण्यात घडले. विजय हजारे यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाने केलेले हे पहिले त्रिशतक. हजारे सांगलीचे, एका शाळामास्तरांचे चिरंजीव. घरात आठ भावंडे. मात्र त्या डावात त्यांच्याइतकेच कौतुक नगरवाला यांचे केले पाहिजे. नवव्या जोडीसाठी या दोघांनी २४५ धावा जोडल्या आणि त्यांत नगरवालांच्या ९८ होत्या. त्यांचे शतक दोन धावांनी हुकले; पण समोरचा गडी उभा राहिला नसता, तर हजाऱ्यांचे त्रिशतकही झाले नसते. पुढे पुण्यातच झालेल्या अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवून महाराष्ट्राने प्रथमच करंडक जिंकला.

एकदा मिळालेले यश दैवाचेही असू शकते. दुसऱ्या वर्षी ते टिकविणे कठीण. १९४०-४१ मध्ये मुंबईशी गाठ पडली. मुंबईने ६५० धावा केल्या. त्यांत खंडू रांगणेकरांच्या २०२ होत्या आणि हेच रांगणेकर आदल्या वर्षी महाराष्ट्राकडून खेळले होते! महाराष्ट्राची धावसंख्या झाली ६७५. अवघ्या पंचवीस धावांची आघाडी, पण तेवढीच पुरली. या डावात स्वतः देवधरांनी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, २४६ धावा केल्या. तरुणांना चिकाटीचा उपदेश करणारे पुष्कळ असतात; या कर्णधाराने चिकाटी उन्हात उभे राहून दाखविली.

पुढे उत्तर हिंदुस्थानच्या संघाविरुद्ध महाराष्ट्राने ७९८ धावांचा डोंगर रचला. रंगा सोहोनी यांनी त्या हंगामात रणजी सामन्यांत ६५५ धावा केल्या आणि नव्या चेंडूने गोलंदाजीचा भारही वाहिला. अखेरीस मद्रासला त्यांच्याच मैदानावर सहा गडी राखून हरवून महाराष्ट्राने करंडक राखला.

त्यानंतर हा संघ पांगला. तेव्हाच्या खेळाडूला क्रिकेटवर संसार चालविता येत नसे. संस्थानिकांची चाकरी हाच मोठा आधार होता. हजारे बडोद्याकडे गेले आणि १९४२-४३ साली करंडक बडोद्याने जिंकला. प्रांताचा अभिमान कितीही मोठा असो, तो चूल पेटवीत नाही. देवधर मात्र खेळतच राहिले. १९४४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात त्यांनी दोन शतके केली.

या संघाची थोरवी आणखी एका गोष्टीत आहे. पुण्यात हजारे हे ख्रिस्ती, नगरवाला हे पारशी आणि देवधर, सोहोनी हे हिंदू एकाच डावासाठी झटत. तेच हजारे पंचरंगी सामन्यांत मुंबईला गेले म्हणजे ‘इतर’ ठरत! १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध त्यांनी संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या आणि तरीही त्यांचा संघ डावाने हरला. एका मैदानावर जो आपला, तोच दुसऱ्या मैदानावर इतर. १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली, हे योग्यच झाले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि प्रांताची रेषाही बदलली. त्या रेषेविषयी या भागात ज्या तीव्र भावना आहेत, त्या क्रिकेटच्या गोष्टीने मिटणाऱ्या नाहीत. परंतु देवधरांच्या संघाने एक दाखला घालून दिला आहे. रांगणेकर मुंबईकडे गेले, हजारे बडोद्याकडे गेले. म्हणून पुण्यात शिकलेले त्यांचे क्रिकेट परके झाले नाही. १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. आज देशातील एका स्पर्धेला हजाऱ्यांचे नाव आहे आणि १९७३ साली सुरू झालेल्या दुसरीला देवधरांचे देण्यात आले. ती नावे जितकी पुण्याची, तितकीच बंगळूरचीही आहेत.

तेव्हा निपाणीचा एखादा मुलगा उद्या कर्नाटकाची टोपी घालून मैदानात उतरला, तर त्याने हजारे-देवधरांचा वारसा सोडला असे कोणी मानू नये. आठ गडी बाद झाल्यावरही त्याने नगरवालांसारखे ठाण मांडले, तर तो वारसा त्याने चालविला असेच म्हणावे लागेल.