ऑक्सफर्ड, बाथ, ब्रिस्टल : दगडांवरची नावे

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी शाळेत संस्कृत आणि इतिहास शिकविते. शिक्षकांच्या एका आदानप्रदान कार्यक्रमात लंडनजवळच्या एका शाळेत दोन आठवडे राहण्याचा योग आला. मधला शनिवार-रविवार मोकळा होता. यजमान शिक्षिकांनी लंडनचा राजवाडा सुचविला. मी रेल्वेचे वेळापत्रक मागितले. शनिवारी ऑक्सफर्ड, मुक्कामाला बाथ, रविवारी दुपारून ब्रिस्टल आणि रात्री परत, असा तो प्रवास झाला. दोन दिवसांत तीन शहरे पाहणे म्हणजे पंगतीत उभ्याने जेवणे! त्यामुळे सर्व काही पाहण्याचा हव्यास मी सोडला आणि एकच गोष्ट शोधत हिंडले. या शहरांनी दगडावर कोणाची नावे कोरली आहेत आणि कोणाची कोरलेली नाहीत?

ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रार्थनामंदिर आहे. द्वारपालाची परवानगी काढून मी आत गेले. तेथे सर विल्यम जोन्स यांचे संगमरवरी स्मारक आहे. जोन्स म्हणजे कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, एशियाटिक सोसायटीचे संस्थापक आणि ‘शाकुंतल’ युरोपला नेणारे विद्वान. त्यांचे १७९४ साली कलकत्त्यास निधन झाले. जॉन फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराने हे शिल्प घडविले आहे. जोन्स खुर्चीवर बसून लिहीत आहेत आणि त्यांच्यासमोर जमिनीवर तीन भारतीय पंडित बसलेले आहेत. जोन्स यांनी हिंदू आणि मुसलमानी कायद्यांचा सारसंग्रह रचला, अशा अर्थाचा मजकूर कोरलेला आहे.

शिक्षकाच्या नजरेने हे शिल्प पाहिले की ते उलटे वाटू लागते. खुर्चीवर बसलेला तो विद्यार्थी आहे आणि जमिनीवर बसलेले ते गुरू आहेत! जोन्स यांनी १७८५ साली नदिया येथे संस्कृतचा अभ्यास आरंभला तो पंडित रामलोचन यांच्यापाशी. हिंदू कायद्याच्या संग्रहाचे मूळ काम, ‘विवादभंगार्णव’ हा ग्रंथ, त्रिवेणीच्या वयोवृद्ध जगन्नाथ तर्कपंचाननांनी सिद्ध केले आणि पुढे कोलब्रूक यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. जोन्स यांची योग्यता मी नाकारीत नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते त्यांनी १७८६ च्या व्याख्यानात ज्या स्वच्छपणे मांडले, त्याबद्दल त्यांना नमस्कारच केला पाहिजे. परंतु त्या दगडावर नाव एकाचे आहे आणि बाकीचे तिघे केवळ पगडीधारी आकृती आहेत. आमच्या वर्गात एखाद्या मुलाने शिक्षकाचे टिपण स्वतःच्या नावावर खपविले तर आम्ही काय म्हणतो, हे येथील शिक्षकांना सांगावयास नको.

तेथून दहा मिनिटे चालल्यावर ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाशी एक वास्तू लागते. तिच्या शिखरावरील वातकुक्कुटाच्या जागी चक्क हत्ती आहे. ही जुनी ‘इंडियन इन्स्टिट्यूट’. तिचे संस्थापक सर मोनियर मोनियर-विल्यम्स यांचा जन्म १८१९ साली आपल्या मुंबईत झाला. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही माझ्या टेबलावर असतो. ते ज्या बोडेन अध्यासनावर होते, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील एका लेफ्टनंट कर्नलच्या मृत्युपत्रातून निर्माण झाले. बायबलचे संस्कृत भाषांतर व्हावे आणि भारतीयांच्या धर्मांतराच्या कार्यास साह्य व्हावे, हा त्या देणगीचा हेतू होता. हा आरोप कोणा टीकाकाराचा नव्हे. मोनियर-विल्यम्स यांनीच कोशाच्या १८९९ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तो नमूद केला आहे. कोश वापरणाऱ्या किती जणांनी ती प्रस्तावना वाचली असेल? हेतू वाचावा, कोशही वापरावा. मी दोन्ही करते.

या संस्थेसाठी मोनियर-विल्यम्स हिंदुस्थानात येऊन फिरले आणि येथील संस्थानिकांनी देणग्या दिल्या. कोनशिला युवराज अल्बर्ट एडवर्ड यांच्या हस्ते २ मे १८८३ रोजी बसविली गेली. तिचा लेख संस्कृतात, देवनागरीत आहे! तो आतल्या बाजूस असल्यामुळे सुटीच्या दिवशी पहारेकऱ्याची थोडी विनवणी करावी लागली. ही वास्तू प्राच्य विद्यांसाठी आहे, भारताच्या विद्येचा सदैव आदर होवो आणि दोन्ही देशांचे सख्य वाढो, अशी प्रार्थना त्यात आहे. तिथी दिली आहे वैशाख वद्य दशमी, संवत १९३९. आपल्या पंचांगाने ती चैत्र वद्य दशमी होते, कारण उत्तरेकडील महिना पौर्णिमेला संपतो. पहारेकऱ्याला हे समजाविण्याचा मोह मी आवरला.

प्राच्य विद्यांना अर्पण केलेली ही वास्तू विद्यापीठाने १९६० च्या दशकात दुसऱ्या कामाला घेतली आणि तिचे ग्रंथालय बोडलियनच्या नव्या इमारतीत हलविले. आज तेथे वेगळीच संशोधन संस्था आहे. हत्ती मात्र वाऱ्याबरोबर अजून फिरतो.

कोनशिला बसली त्याच १८८३ साली मोनियर-विल्यम्स यांचे संस्कृतचे साहाय्यक आणि बॅलिओल महाविद्यालयाचे विद्यार्थी ऑक्सफर्डची बी.ए. पदवी मिळवून बाहेर पडले. ते म्हणजे कच्छमधील मांडवीचे श्यामजी कृष्ण वर्मा. सख्य वाढो, असे कोनशिला म्हणते आणि ज्याला ते सख्य शिकवायचे, तोच विद्वान १९०५ साली लंडनमध्ये ‘इंडिया हाऊस’ उघडतो. पुढच्या वर्षी तरुण विनायक दामोदर सावरकर तेथे राहावयास येतात. साम्राज्याच्या पाठशाळेतून असा विद्यार्थी निघेल, हे देणगीदारांच्या मनात आले नसणार. श्यामजींच्या अस्थी मायदेशी येण्यास २००३ साल उजाडावे लागले.

भगिनींसाठी आणखी एक नाव सांगते. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात दाखल झाल्या. १८९२ साली कायद्याची बी.सी.एल. परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षा दिली, परंतु पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड १९२० पर्यंत स्त्रियांना पदवीच देत नव्हते. कॉर्नेलिया यांना ती १९२२ साली मिळाली, म्हणजे निकालानंतर तीस वर्षांनी! ‘पाश्चात्त्यांनी आम्हाला स्त्रीशिक्षण दिले’ असे पाठ्यपुस्तकी वाक्य उच्चारण्यापूर्वी ही दोन साले फळ्यावर लिहावीत, असे मी माझ्या सहकाऱ्यांना सांगत असते.

रविवारी सकाळी बाथ. मधाच्या रंगाच्या दगडाचे हे देखणे शहर १९८७ पासून जागतिक वारसा आहे. अर्धचंद्राकृती घरांची रांग वगैरे मी धावतच पाहिली. माझा वेळ गेला तो रोमन स्नानगृहांत. तेथे सुमारे ४६ अंश उष्णतेचे पाणी दररोज अकरा लाख लिटरहून अधिक वर येते. रोमन येण्यापूर्वी या झऱ्याची देवता होती सुलिस. रोमनांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडून ‘सुलिस मिनर्व्हा’ केले आणि नगराचे नाव ठेवले ‘अ‍ॅक्वे सुलिस’, म्हणजे सुलिसचे पाणी. विजेत्याने स्थानिक देवीचे नाव आधी ठेवावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या झऱ्यातून बारा हजारांहून अधिक रोमन नाणी निघाली. पुलावरून गाडी जाताना गोदावरीत नाणे टाकणाऱ्या आपल्या आजीला हे ऐकून मुळीच नवल वाटणार नाही. नाण्यांबरोबर शिशाच्या सुमारे १३० पातळ पट्ट्याही निघाल्या आहेत. कोणाचा झगा चोरीला गेला, कोणाचे भांडे. त्याने देवीकडे लेखी तक्रार केली आणि पट्टी दुमडून पाण्यात टाकली. डोसिमेडिस नावाच्या एका माणसाचे दोन हातमोजे हरवले, तर चोराची बुद्धी आणि डोळे जावेत, अशी त्याची मागणी आहे! सज्जावरचे सम्राटांचे पुतळे पाहून लोक थबकतात. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसविलेले आहेत. खरी प्राचीन नावे या फाटक्या पट्ट्यांवर आहेत आणि ती सामान्यांची आहेत.

देवीचे मुलामा दिलेले कांस्यशिर १७२७ साली रस्त्याखाली गटार खणताना मजुरांना सापडले. आता ते काचेच्या पेटीत आहे. व्यवस्था उत्तम, प्रकाशयोजना सुरेख. परंतु तिकीट काढून आलेल्या आम्हा शे-दोनशे माणसांत तिला हात जोडणारे कोणी नव्हते. मला ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी आठवली. तेथेही उष्ण कुंडे आहेत आणि देवी आहे; मंदिर वसईच्या विजयासाठी चिमाजी अप्पांनी बोललेल्या नवसाचे. तेथील कुंडांची स्वच्छता बाथच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मी लपवीत नाही. पण तेथे देवीला अजून सकाळी कोणीतरी उठविते.

बाथहून ब्रिस्टल रेल्वेने जेमतेम पाव तास. गुलामांच्या व्यापारात पैसा मिळविलेल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा या शहराने १८९५ साली दानशूर म्हणून उभारला होता. ७ जून २०२० रोजी जमावाने तो पाडून बंदरात ढकलला. पुढे तो पाण्यातून काढून ‘एम शेड’ संग्रहालयात ठेवण्यात आला. तेथे तो आडवा आहे, अंगावरच्या रंगाच्या फराट्यांसह. जमावाने न्याय करावा हे मला पटत नाही. मात्र पुतळा पुन्हा उभा न करता आणि पुसूनही न टाकता जसा पडला तसा दाखविण्याचा निर्णय मला प्रामाणिक वाटला. तेथे एक आई आपल्या मुलाला हा मनुष्य चांगला होता की वाईट, हे समजावून सांगत होती आणि तिला ते जड जात होते.

याच शहरातील आर्नोज व्हेल दफनभूमीत राजा राममोहन रॉय यांची समाधी आहे. दिल्लीच्या बादशहाचे वकील म्हणून ते इंग्लंडला गेले होते. २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टलच्या स्टेपलटन भागात त्यांचे निधन झाले. प्रथम तेथेच एका घराच्या आवारात त्यांना पुरले होते. दहा वर्षांनी द्वारकानाथ ठाकुरांनी या जागी आणून वर भारतीय पद्धतीची छत्री उभारली. इंग्रजी क्रूसांच्या गर्दीत ती लांबूनही ओळखू येते. दगडावर त्यांचे नाव स्पष्ट वाचता येते. कॉलेज ग्रीनवर १९९७ पासून त्यांचा पूर्णाकृती पुतळाही आहे.

आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे आहेत, त्यांनी पुढच्या भेटीत टेंपल मीड्स स्थानकावर उतरावे. समाधी तेथून चालत अर्ध्या तासाच्या आत आहे. सप्टेंबरच्या अखेरीस गेलात तर पुण्यतिथीला जमणारी मंडळीही भेटतील.